पडद्यावरची टाळी
(मंडळाच्या भाद्रपदातील मासिक सभेत वाचून दाखविलेले भाषण)



भाषण करण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेही रत्नागिरीकडच्या एका खेड्यातल्या शाळेत. हळदीकुंकवाला वाणाच्या पिशव्या भरणे, सतरंज्या झटकणे, चहाचे पातेले सांभाळणे ही मंडळातली माझी ठरलेली कामे, आणि त्यांत मी सुखी होते. पण श्रावणात मंगळागौरीच्या दिवशी आपण १९७६ सालची ती जुनी फिल्म आवाजासकट पाहिली, तेव्हापासून जिन्यात, पिठाच्या गिरणीत, भाजीवाल्यापाशी मला एकच प्रश्न विचारला जातो, "अहो, ती फिल्म मुळात मुकी होती ना? मग टाळीचा आवाज नेमका टाळीवर कसा पडला?" प्रत्येकीला थोडे थोडे सांगण्यापेक्षा एकदाच सर्वांना सांगून टाका, असे कार्यवाहबाईंनी फर्मावले. म्हणून उभी आहे. यातले ज्ञान माझे नाही. ते माझ्या मामंजींचे आणि मुलाचे. मी आपली त्या दोघांच्या मधली, याचा निरोप त्याला आणि त्याचा याला पोचवणारी.

मामंजींना तुम्ही सगळ्या ओळखता. आज त्यांचे वय ८२. त्यांनी पंचवीस-तीस वर्षे मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिन वाजविले. ताडदेवचे फिल्म सेंटर, वांद्र्याचे मेहबूब, ही नावे आमच्या घरात माहेरच्या गावांसारखी घेतली जातात. पडद्यावर त्यांचे नाव कधी आले नाही. चाळीस-पन्नास वाजविणाऱ्यांतले ते एक. माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे. तो लहान लहान चित्रपटांना घरी कॉम्प्युटरवर संगीत देतो. आजोबा म्हणतात, त्याला वाद्य धरता येत नाही. नातू म्हणतो, आजोबांना माऊस धरता येत नाही. दोन्ही खरे आहे.

आता फिल्मकडे वळते. त्या वर्षी मंडळाच्या एका भगिनीचे यजमान बोटीवर नोकरीला होते. त्यांनी परदेशाहून सुपर एट नावाचा छोटा कॅमेरा आणला आणि खालच्या सभागृहात मंगळागौरीची तीन रिळे घेतली. पुढे ती रिळे पत्र्याच्या डब्यात घालून मंडळाच्या कपाटात ठेवली गेली. गेल्या वर्षी कपाट साफ करताना ती सापडली. एका दुकानात देऊन आपण ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि पाच-सातजणींनी माझ्या घरी बसून पाहिली.

पाहिली आणि हसलो. बायका तुरुतुरु धावत होत्या, फुगडी भोवऱ्यासारखी फिरत होती, झिम्म्याच्या टाळ्या माशा मारल्यासारख्या पडत होत्या. सगळ्या हसल्या. एक भगिनी मात्र हसली नाही. तिची आई त्या फिल्ममध्ये निळ्या लुगड्यात झिम्मा खेळते आहे. ती बाई जाऊन आता वीस वर्षे झाली. तिचा चालता-बोलता असा दुसरा काही ठेवा त्या घरात नाही. जाताना ती मला दारात हळूच म्हणाली, "वहिनी, माझी आई अशी बाहुलीसारखी नाचत नव्हती हो." त्या रात्री मला झोप लागली नाही.

मुलाने तोवर त्या फिल्मवर तबला-पेटी चढवायला सुरुवातही केली होती. ऐकायला छान वाटत होते. मामंजी आले, मागे उभे राहून एक मिनिट पाहिले आणि म्हणाले, "बाबा रे, ज्या चित्राची चाल ठरलेली नाही त्याला तू ठेका कसला देतोस?" मुलाला राग आला. पण म्हातारा बरोबर बोलला होता, हे नंतर त्यानेही कबूल केले.

गोष्ट अशी आहे. हलते चित्र म्हणजे खरे तर एकामागून एक दाखविलेली स्थिर चित्रे. त्या एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. सिनेमागृहातल्या बोलपटात सेकंदाला २४ फ्रेम जातात. सुपर एटचा घरगुती कॅमेरा सेकंदाला १८ घेई. एक रीळ ५० फुटांचे, फुटात ७२ फ्रेम, म्हणजे एका रिळात ३६०० फ्रेम. सेकंदाला १८ प्रमाणे ते रीळ ३ मिनिटे २० सेकंद चालते. दुकानदाराने प्रत्येक फ्रेमची एक फ्रेम करून दिली, पण आपल्याकडे व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा धरतात, त्याने तेच धरले. ३६०० ला २५ ने भागा: १४४ सेकंद, म्हणजे २ मिनिटे २४ सेकंद. जवळजवळ एक मिनिट गिळले गेले. आपल्या आयांना पळविणारा चोर तो हा.

मुलगा म्हणाला, "सोपे आहे, १८ वर आणतो." आणले. बायकांचे धावणे थांबले, तरी पाहताना काहीतरी टोचत होते. मामंजी म्हणाले की कॅमेरा बॅटरीवर चालतो, बॅटरी उतरली असेल तर तो १८ सांगून सावकाश फिरला असेल, आणि सावकाश घेतलेले चित्र नेहमीच्या वेगाने दाखविले की जलद दिसते. पण अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीची बॅटरी आता कोण तपासणार?

इथे सासूबाईंनी बोट दाखविले. पहिल्या रिळात झिम्म्याच्या मागे भिंतीवर एक लंबकाचे घड्याळ दिसते. ते घड्याळ तुमच्या डोक्यावर आत्ता या क्षणी टिकटिक करते आहे! त्याच्या किल्लीची पाळी आलटून पालटून आपल्याकडे असते. मामंजी मंडळाच्या कार्यालयात येऊन खुर्चीवर बसले, मनगटावरच्या घड्याळाशी पडताळून पाहिले. लंबक एका मिनिटात साठ वेळा जाऊन परत येतो. म्हणजे एका हेलकाव्याला एक सेकंद. घड्याळ दिवसाला दोन-चार मिनिटे मागे पडले तरी आपल्या कामाला तो फरक नखाएवढाही नाही.

मग फ्रेम मोजण्याचे काम माझ्याकडे आले. कॉम्प्युटरवर बाणाची कळ दाबली की चित्र एक फ्रेम पुढे सरकते. लक्ष वातींचा ज्यांनी नेम केला आहे त्यांना मोजण्याचा कंटाळा येत नाही. झिम्म्यातल्या बायका मध्ये येत होत्या, लंबक दिसेनासा होई, पुन्हा मागे जावे लागे. दहा हेलकाव्यांना १७० फ्रेम भरल्या. पुन्हा मोजल्या, १७१. पुन्हा, १७०. म्हणजे त्या दुपारी कॅमेरा सेकंदाला १७ फ्रेम घेत होता. तिसऱ्या रिळातही घड्याळ आहे; तिथे मात्र बरोबर १८० भरल्या. नवी बॅटरी घातली असावी. दुसऱ्या रिळात घड्याळ नाही. तिथे सासूबाई उठल्या, पडद्यापुढे उभ्या राहिल्या, उजव्या पायाने ठेका धरला आणि मुलाला सांगू लागल्या, "अजून सावकाश... अजून थोडे... हां, अशा खेळायचो आम्ही." आकडा पाहिला तर १७.

अशी ती फिल्म दुकानातून आली तेव्हा ७ मिनिटे १२ सेकंदांची होती, ती १० मिनिटे २४ सेकंदांची झाली. १७ चित्रांनी २५ जागा भरायच्या म्हणून दर सेकंदाला ८ चित्रे दोनदा दाखविली आहेत. ते डोळ्याला कळत नाही. निळ्या लुगड्यातली बाई टाळी देऊन मान वेळावते, ती मान सावकाश वळते हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

आता आवाजाचे. पूर्वी हे काम कसे होई ते मामंजींनी सांगितले, आणि ते ऐकताना मला तर नवल वाटले. स्टुडिओत समोर पडदा असे. चित्रपटाचा एकेक तुकडा त्यावर पुन्हा पुन्हा दाखवीत. संगीत दिग्दर्शकाचा साहाय्यक घड्याळ हातात धरून वहीत लिहून घेई: दार उघडते १४ सेकंदांवर, पत्र हातातून पडते २२ वर, ती रडते ३१ वर. मग त्या हिशोबाने स्वर लिहायचे. स्वर लिहिणारे आणि वाजविणारे यांत गोव्याचे लोक पुष्कळ. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांची नावे मामंजी कानाची पाळी धरून घेतात. ज्या पट्टीवर आवाज नोंदविला जाई ती चुंबकीय पट्टीही फिल्मसारखीच कडेला भोके असलेली असे. चित्राचे यंत्र आणि आवाजाचे यंत्र एकाच चालीने जुंपलेले. दोन्हीकडे दात भोकांत अडकलेले, त्यामुळे एक पुढे आणि एक मागे होण्याची सोय नाही. मिनिटाला ९० फूट, दोन्हीकडे.

आणि सिनेमागृहात जी फिल्म येई तिच्यावर आवाज चित्राच्या शेजारी नसे, तो सुमारे २० फ्रेम पुढे छापलेला असे. का, तर चित्राला दिव्यापुढे क्षणभर थांबावे लागते, झटके देत पुढे सरकावे लागते. आवाजाला झटके चालत नाहीत, त्याला सारखे वाहावे लागते. म्हणून दोघांच्या जागा यंत्रात वेगळ्या. यंत्र चालविणाऱ्याने फिल्म ओवताना मधला वेढा चुकविला की नायिकेचे ओठ आधी आणि बोल मागून. लहानपणी तंबूतल्या सिनेमात मी ते पाहिले आहे, आम्ही शिट्ट्या मारायचो. म्हणजे मुले मारायची.

वाजविणाऱ्यांना चाल कळावी म्हणून कानात टिकटिक देण्याची पद्धत फार जुनी आहे. डिस्नेच्या १९२८ सालच्या उंदराच्या बोलपटाच्या वेळी वाद्यवृंद पहिल्या खेपेस चित्राशी जुळेना, म्हणून पुढच्या खेपेस फिल्मवर उडता चेंडू दाखवून त्याच्या चालीवर वाजवून घेतले, असे मुलाने सांगितले. सेकंदाला २४ फ्रेम असतील आणि दर १२ फ्रेमला एक टिक दिली तर मिनिटाला १२० ठोके होतात. हिशोब असा सुटसुटीत.

मुलाने आपल्या भगिनींनाही अशीच टिकटिक दिली. झिम्म्याच्या सुरुवातीला ९ फ्रेमला एक टाळी पडते. सेकंदाला १७ फ्रेम, तर मिनिटाला ११३ टाळ्या. गाणे कोणते ते सासूबाईंनी ओठांवरून ओळखले, कडव्यांचा क्रमही सांगितला. आठजणी आमच्या बाहेरच्या खोलीत कानात यंत्रे घालून उभ्या राहिल्या. तो प्रकार ज्यांनी पाहिला त्यांना मी काय सांगू! टिकटिक ऐकावी की गाणे म्हणावे? एकीने तर सांगितले की मला शेजारणीची टाळी ऐकू येत नाही, मी टाळी देऊ कोणाला? आणि तिचे म्हणणे योग्यच होते. शिवाय झिम्मा सरळ रेषेत चालतच नाही. तो चढत जातो. फिल्मवर शेवटी मी मोजले तर ७ फ्रेमला एक टाळी, म्हणजे मिनिटाला १४५ च्या घरात. टिक आपली ११३ वर अडून बसलेली. बायका पुढे, टिक मागे.

मुलगा दर फेऱ्याला टिक बदलत बसणार होता. मामंजींनी त्याला दुसरी युक्ती सांगितली. पूर्वी फिल्मवर एक तिरकी रेघ ओढीत. फिल्म चालू झाली की पडद्यावर ती उभी रेघ होऊन एका कडेकडून दुसरीकडे सरकत जाई, आणि शेवटी फिल्मला पाडलेल्या भोकातून प्रकाश चमके. जिथे चमकले तिथे सम. मधल्या वेळात वाजविणारा आपल्या अंगाच्या लयीने जाई. हॉलिवुडात ही रीत आल्फ्रेड न्यूमन यांच्या नावाने ओळखतात. मुलाने कॉम्प्युटरवर तशीच पांढरी रेघ केली आणि दर फेऱ्याच्या पहिल्या टाळीवर चमक ठेवली. यंत्रे कानांतून काढली. बायका समोरासमोर उभ्या राहिल्या, डोळ्याच्या कोपऱ्यातून रेघ पाहत, खऱ्या टाळ्या देत म्हणू लागल्या. तिसऱ्या खेपेला जमले. घामाघूम झाल्या होत्या. त्या दिवशी दोन लिटर सरबत लागले.

आता सगळे झाले असे वाटून मुलाने गाणे फिल्मवर ठेवले, तर काय! सुरुवात अगदी बरोबर, पण पहिल्या कडव्यात आवाज जरा पुढे, दुसऱ्यात आणखी पुढे, आणि ३ मिनिटांचे गाणे फिल्मच्या १५ सेकंद आधी संपले. मुलगा आवाज ओढून मागे नेई, तर शेवट जुळे आणि सुरुवात सुटे. रात्रीचे अकरा वाजले. यजमान झोपायला सांगून गेले. मामंजींनी व्हायोलिन काढले आणि बायकांच्या गाण्याबरोबर सूर लावून पाहिला. लागेना. "या बायका काळी एकमध्ये गात होत्या ना? मग आता या पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठे लोंबकळताहेत? आवाजही पोरींसारखा झालाय. तुझे यंत्र यांना पळवते आहे."

बायकांची पट्टी दीड सुराने चढली होती. त्यावरून मुलाला चूक सापडली. गाणे ज्या यंत्रावर घेतले ते आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेते. चित्रपटाचे काम ४८,००० वर चालते. त्याच्याकडून जुन्या यंत्रातली फाइल रूपांतर न करता तशीच उचलली गेली. ४४,१०० चा माल ४८,००० च्या मापाने मोजला, म्हणजे तो लवकर संपणारच. जे चित्राला झाले होते तेच आवाजाला झाले. कानाने ते पकडले म्हातारपणी, याचे मला फार कौतुक वाटले. मी तेव्हा बोलून दाखविले नाही, आज सांगते.

दुसरा घोळ मात्र आपल्या मंडळाने घातला, आणि तो सांगण्याची परवानगी मी आधी घेतली आहे. संगीत सगळे बसल्यावर एका जबाबदार भगिनीने कळविले की फुगडीत त्या पाय घसरून पडतात तेवढा भाग काढावा. तेव्हा त्या नुकत्या लग्न होऊन आल्या होत्या. मुलगा भिडस्त, त्याने ८ सेकंद कापले. फुगडीपर्यंत सारे ठीक, आणि तिथून शेवटापर्यंत प्रत्येक गोष्ट ८ सेकंद उशिरा. ताटे वाढली जात आहेत आणि ऐकू येतो पिंगा! मुलाने कपाळाला हात लावला. चित्र एकदा पक्के झाले की त्याला कुलूप घालायचे आणि मगच संगीताला हात लावायचा, हा या धंद्याचा पहिला नियम आहे म्हणे. शेवटी त्या भगिनीनेच उदार मनाने पडणे परत घालायला सांगितले. त्यावर तुम्ही किती हसलात ते सांगायला नको, पण सर्वांत मोठ्याने त्याच हसल्या.

हे दोन घोळ निराळ्या जातीचे आहेत, हे मला तेव्हा उमजले. तुमच्या घरातले घड्याळ पाच मिनिटे मागे असेल तर काटा फिरवा, काम झाले. पण ते रोज पाच मिनिटे मागे पडत असेल तर काटा कितीही फिरवा, उद्या पुन्हा तेच; तिथे लंबकाखालचा स्क्रूच फिरवावा लागतो. आठ सेकंदांचे दुखणे पहिल्या जातीचे, चढलेल्या पट्टीचे दुसऱ्या. मुलगा दुसऱ्याला पहिल्याचे औषध देत बसला होता. म्हणून आता तो आधी सुरुवात तपासतो, मग एकदम शेवट. दोन्हीकडे अंतर सारखे असेल तर सरकवायचे; वाढत गेले असेल तर वेग पाहायचा. सुरुवात पकडायला तो चित्राच्या दोन सेकंद आधी एक फ्रेमपुरते 'पीप' ठेवतो. तुम्हांला त्या दिवशी अंधारात ऐकू आले असेल. कोणाचा तरी मोबाइल वाजला म्हणून मागून 'शू' झाले होते.

तिसऱ्या रिळावरून आजोबा-नातवांचे चांगलेच वाजले. त्यात खेळ संपून बायका पंगतीला बसल्या आहेत, कोणी डोळे मिटून भिंतीला टेकली आहे. मुलाने तिथे बासरी, सतार, काय काय लावले होते. मामंजी म्हणाले, "सगळे काढ." त्यांनी शांतारामबापूंच्या 'कुंकू'चे उदाहरण दिले. १९३७ सालचा तो चित्रपट, संगीत केशवराव भोळ्यांचे, पण प्रसंगांमागे वाद्यांचे पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येते ते घरातलेच आवाज. मला मामंजींचे पटले. मग मी स्वयंपाकघरात पितळी ताटे मांडली, पाट सरकवले, वाटीत पळी आपटली, आणि हे सारे पडद्याकडे बघत, त्या वाढणाऱ्या बाईच्या हाताबरोबर. हे काम मला टिकटिकीशिवाय जमले! शेवटच्या पाऊण मिनिटाला फक्त व्हायोलिन आहे. ते मामंजींनी पडद्याकडे पाहत एकदाच वाजविले. एका ठिकाणी गज थरथरतो. मुलगा म्हणाला, पुन्हा घेऊ या. मामंजी नको म्हणाले, आणि मीही नको म्हटले.

आता कार्यक्रमाच्या दिवशीचे. दुपारी चार वाजता सभागृहात फिल्म लावून पाहिली तर टाळी पडून गेल्यावर आवाज! घरी अचूक, इथे सगळे ओठ खोटे. माझ्या पोटात गोळा आला. मुलाने कॉम्प्युटर उघडून फाइल तपासली, काही चुकलेले नाही. सुरुवातीला जेवढा उशीर, शेवटी तेवढाच. म्हणजे पहिल्या जातीचे दुखणे. मग कुठे त्याचे लक्ष स्पीकरकडे गेले. तो बिनतारी होता. बिनतारी स्पीकर आवाज घेऊन, साठवून, मग सोडतो. त्यात पाव सेकंद जात होता. दुकानातून लांब तार आणवली, साडेपाचला जोडली, आणि टाळी जागेवर आली.

एक गंमत सांगते. आवाज जरा मागे राहिला तर आपण चालवून घेतो, पुढे गेला तर घेत नाही. मुलगा म्हणतो, आवाज सेकंदाच्या हजार भागांतले ४५ भाग आधी आला तरी माणसाला कळू लागते. उशीर मात्र १२५ भागांपर्यंत सहसा जाणवत नाही. मला हे लगेच पटले. आमच्या गावी नदीच्या पलीकडे बाई कपडा दगडावर आपटायची, हात खाली आलेला दिसायचा आणि धप्प मागून यायचे. उलटे कधी झाले नाही. एका सेकंदात आवाज ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे सभागृहात मागच्या रांगेला बसलेल्यांना टाळी पुढच्यांपेक्षा किंचित उशिरानेच ऐकू आली. त्यांनी तक्रार केली नाही.

सात वाजता दिवे गेले आणि पीप वाजली. ती भगिनी दुसऱ्या रांगेत कडेला बसली होती. मी मुद्दाम तिच्या मागे बसले होते, खोटे कशाला बोलू? निळे लुगडे पडद्यावर आले, मान सावकाश वळली, टाळी पडली आणि टाळीचा आवाज झाला. ती आवाज आमच्या आठजणींपैकी कोणाची तरी होती, तिच्या आईची नव्हे, हे तिला माहीत होते. तरी दुसऱ्या फेऱ्याला तिने पदराआड हात जुळवले आणि अगदी हळू, आवाज न करता, टाळ्या देऊ लागली. तिसऱ्या फेऱ्यानंतर झिम्मा चढला तसे तिचे हातही चढले.

फिल्म संपल्यावर ती माझ्याकडे आली नाही, मामंजींकडे गेली आणि वाकून नमस्कार केला. मामंजी म्हणाले, "सातव्या फेऱ्याला एक फ्रेम राहिली आहे गं, ती दुरुस्त करतो आहे."

ती अजून झालेली नाही. झाली की ज्यांना प्रत हवी असेल त्यांनी पेनड्राइव्ह माझ्याकडे आणून द्यावा, नाव चिकटवून.